उपकार नको म्हणणाऱ्या मुलाला

वसई, मे महिना

प्रिय बाळा,

तुझं पत्र मिळालं. नोकरी पक्की झाल्याचं वाचून आधी देवाचे आभार मानले, मग तुझ्या आईला फोन लावला. तिला धड बोलता येत नव्हतं. मलाही.

पण पत्रातली दोन वाक्यं मनातून जात नाहीत. एका ठिकाणी तू लिहितोस, "पहिला पगार सगळा चर्चला देऊन टाकणार, म्हणजे आयटीआयच्या फीचा हिशेब मिटेल. यापुढे कुणाचे उपकार नकोत." आणि अगदी शेवटी, "देवाच्या कामासाठी देण्यासारखं माझ्याकडे आहे काय, टीचर? गाता येत नाही, चारचौघांत बोलता येत नाही. इंजिन खोलता येतं, बस्स."

दुसऱ्या वाक्याचं उत्तर सोपं आहे, ते आधी देते.

बायबलमधल्या निर्गमाच्या पुस्तकाचा एकतिसावा अध्याय काढून वाच. तिथे देव मोशेला बसालेल नावाच्या माणसाबद्दल सांगतो, की मी त्याला माझ्या आत्म्यानं भरलं आहे. कशासाठी? भविष्य सांगायला नाही, प्रवचनं करायला नाही. सोनं, चांदी, पितळ घडवायला, रत्नांना पैलू पाडायला, लाकूड कोरायला. कारागिराच्या हातातलं कसब हे देवाच्या आत्म्याचं काम आहे, हे मी माझ्या पदरचं सांगत नाही, तिथे लिहिलेलं आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात बसलेला असताना बाहेर एखादी बोट सुरू झाली, की तू न बघता सांगायचास ती कुणाची. कधी कधी तिचं काय दुखतंय तेही सांगायचास. तो कान तुला बाजारात मिळाला नाही, आणि आयटीआयनंही दिला नाही. आयटीआयनं त्याला फक्त नीट वळण लावलं.

करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल विचारतो, तुला जे मिळालेलं नाही असं तुझ्याजवळ काय आहे? हा प्रश्न तू एकदा स्वतःला विचार आणि सावकाश मोजत जा. तांडेलकाकांनी मे महिन्याच्या सुट्टीत तुला इंजिनापाशी बसू दिलं, हातात पाना दिला, चुकलास तेव्हा हसले पण पाना काढून घेतला नाही. ते आपल्या चर्चला येत नाहीत, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहतात. तुझ्या वाट्याचं दान देवानं त्यांच्या हातून पाठवलं. ते कुणाच्या हातून पाठवायचं हे त्यानं आपल्याला विचारलं नाही, आणि बरंच केलं.

आपल्याच मातीतला आणखी एक माणूस तुला दाखवते. संत गोन्सालो गार्सिया १५५७च्या सुमारास वसईत जन्मला. आई इथली, वडील पोर्तुगीज. किल्ल्यातल्या येशूसंघीयांकडे, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंकडे शिकला, पोरवयातच त्यांच्याबरोबर जपानला गेला आणि तिथली भाषा अशी आत्मसात केली, की धर्मशिक्षक म्हणून काम करू लागला. संघात घ्या म्हणून मागे लागला, पण ते जमलं नाही. मग त्यानं व्यापार धरला. तो काळ वाया गेला असं चरित्र वाचताना वाटू शकतं, मला तसं वाटत नाही. पुढे मनिलाला तो फ्रान्सिस्कन संघात साधा धर्मबंधू झाला. धर्मगुरू तो कधीच झाला नाही. १५९३ साली फ्रान्सिस्कन मंडळी जपानला निघाली तेव्हा त्यांना दुभाषा हवा होता, आणि राज्यकर्त्या हिदेयोशीपुढे उभं राहून बोलेल असा माणूस म्हणजे हा वसईकर. क्योतोत त्यांनी महारोग्यांसाठी रुग्णालय चालवलं. तिथेही रोग्याचं दुखणं आणि धर्मबंधूंचा दिलासा एकमेकांपर्यंत पोचवायला कुणाची तरी जीभ लागतच होती. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला सव्वीस जणांना क्रुसावर मारलं, त्यात तो होता. १८६२ साली चर्चनं त्याला संत म्हणून घोषित केलं. पोरवयात शिकलेली एक भाषा, तीही दुसऱ्यांच्या सोबतीनं फुकट मिळालेली! तिचा असा उपयोग होईल हे शिकताना त्याला ठाऊक नव्हतं. तुलाही तुझ्या कानाचं आणि हातांचं पुढे काय होणार ते ठाऊक नाही. एवढ्यात "बस्स" म्हणू नकोस.

आता उपकारांचं.

तुझा राग कुठून आला ते मला माहीत आहे. सातवीत असताना एका कार्यक्रमात तुम्हा मुलांना स्टेजवर रांगेत उभं करून वह्या वाटल्या, प्रत्येक वही देताना कॅमेऱ्याकडे बघायला लावलं, आणि तो फोटो फ्लेक्सवर चढला. तू त्या वह्यांत एक अक्षर लिहिलं नाहीस. घेणाऱ्याला मिंधं करणारं देणं असतं, आणि त्याची चीड येणं हे माणूस जिवंत असल्याचं लक्षण आहे. येशूलाही ती येत असे. दान देताना पुढे कर्णा वाजवू नका, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका, हे त्याचंच सांगणं.

पण आयटीआयची फी त्या जातीची नव्हती. ती सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या आपल्या धर्मग्रामातल्या, म्हणजे पॅरिशमधल्या शाखेकडून आली होती. ही संस्था १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या मित्रांनी सुरू केली. ओझानाम तेव्हा वीस वर्षांचा विद्यार्थी होता, तुझ्याहून लहान. तिच्या सभेत एक पिशवी फिरते. प्रत्येक जण त्यात मूठ घालतो आणि काढतो. कुणी किती टाकले, किंवा काहीच टाकलं नाही, हे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. मग सभासद घरोघर जातात, बसतात, ऐकतात. तुझ्या घरी दोघे आले होते ते आठवतं ना? त्यांनी तुझ्या आईला एकही कागद सहीला दिला नाही. त्या पिशवीत कुणाची निवृत्तिवेतनातली नोट असेल, कुणा मासळीवालीची दहाची नाणी असतील. तू परतफेड करणार कुणाला? नाव नाही, आकडा नाही. ती रीतच अशी बेतलेली आहे की हिशेब मिटवता येऊ नये. पुढच्या कुणासाठी त्या पिशवीत तूही मूठ घाल, दर महिन्याला, झेपेल तेवढं. पण "मिटलं" असं म्हणून हात झटकू नकोस.

येशूच्या शेवटच्या भोजनाच्या रात्री त्याचा शिष्य पेत्र तुझ्यासारखंच बोलला होता. तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत, म्हणाला. वरवर पाहता केवढी नम्रता! येशूनं ती मानली नाही. मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, असं स्पष्ट सांगितलं. सगळी वर्षं त्याच्यामागे चालून, घरदार, जाळी सोडून आलेला हा माणूस, आणि प्रभू त्याला म्हणतो की आधी पाय पुढे कर. द्यायला पेत्र केव्हाही तयार होता, तलवार काढायलाही तयार होता. स्वतःच्या मळक्या पायांकडे दुसऱ्याला बघू देणं त्याला जड गेलं. तुलाही तेच जड जातंय. फुशारकी नाही तुझ्यात, हे मी जाणते. लहानपणी जे सोसलंस त्यामुळे तू अंग चोरून घेतोस. पण बाळा, देवाशी असं अंग चोरून वागता येत नाही. रविवारी मिस्सेत कम्युनियनला, पवित्र भाकर घेताना, आपण रिकामा तळवा पुढे करतो. नाखवा असो की खलाशी, रांगेत सगळ्यांचे तळवे सारखेच रिकामे. त्याआधी वेदीवर भाकर अर्पण करताना फादर काय म्हणतात ते नीट ऐक. ही भाकर तुझ्याच औदार्यानं आम्हाला मिळाली, भूमीचं फळ आणि माणसांच्या हातांचं काम. म्हणजे देवाला देण्याआधी आपण मोठ्यानं कबूल करतो की हे तुझ्याकडूनच आलं.

पहिल्या पगाराबद्दल मी कडक बोलणार आहे. तो चर्चला देऊ नकोस. तुझ्या आईच्या बांगड्या अजून गहाण आहेत, जाळ्यांसाठी काढलेलं कर्ज अर्धं बाकी आहे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू धर्मपंडितांवर संतापला तो याच गोष्टीवरून. आईबापांना जे द्यायचं ते "देवाला अर्पण केलंय" म्हणून त्यांच्यापासून तोडणारी माणसं होती ती. तुझा हेतू तसा नाही, पण बांगड्या गहाणच राहणार असतील तर तुझ्या आईला फरक काय पडतो? आधी बांगड्या सोडव. चर्चला किती द्यावं याचा ठराविक टक्का आपल्या कॅथलिक शिकवणीत बांधून दिलेला नाही, ज्याला जसं झेपेल तसं. पौलानंही तेच लिहिलं, दुःखी मनानं किंवा भाग पडतं म्हणून नको. झेपेल तेवढं दे, लहान असलं तरी नियमानं दे, आणि फादरना सांगायला जाऊ नकोस.

पैशापेक्षा मला तुझे रविवार हवे आहेत. १ जूनला मासेमारी बंद होईल, ३१ जुलैपर्यंत. पाचूबंदरला बोटी वर ओढल्या जातील, शाकारल्या जातील, आणि इंजिनांची कामं निघतील. ज्यांच्याकडे पैसा आहे ते मेकॅनिक बोलावतील. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मावशींची छोटी होडी गेल्या मोसमात अर्ध्या वाटेतून ओढून आणावी लागली होती. नवरा गेल्यापासून त्यांचा भाचा ती चालवतो. इंजिन उघडून बघायलाही त्यांच्याकडे पैसे नाहीत. तू जा. नोझल, पंप, जे काही असेल ते तुला कळेल, मला कळत नाही. नवा सुटा भाग लागलाच तर मला सांग, पिशवीतून बघू. काम त्या भाच्याला शेजारी बसवून कर, म्हणजे पुढच्या वर्षी त्याला तुझी वाट बघावी लागणार नाही. मोबाईल खिशातच राहू दे. आणि मावशींनी चहा दिला तर पी, जेवायला बस म्हणाल्या तर बस. निघताना त्या सुक्या बोंबलांची पुडी हातात ठेवतील, मला खात्री आहे. ती "नको, नको" करत परत करू नकोस. त्यांच्याकडे देण्यासारखं तेवढंच आहे आणि ते त्यांनी स्वतः बांबूंवर वाळवलेलं आहे. ती पुडी नाकारलीस तर सातवीतल्या त्या स्टेजवर मावशींना उभं केल्यासारखं होईल.

योहानच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात एक जागा आहे, ती मी दर वर्षी पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या काळात वाचते आणि दर वेळी तिथेच थांबते. शिष्यांच्या जाळ्याला रात्रभर काही लागलेलं नाही. पहाटे किनाऱ्यावरून कुणीतरी सांगतं, उजवीकडे टाका, आणि जाळं भरतं. पेत्र उडी मारून पोहत येतो. किनाऱ्यावर बघतात तर कोळशाचा विस्तव पेटलेला, त्यावर मासळी आणि भाकर तयार. म्हणजे न्याहारीची सोय आधीच झालेली आहे. तरीही येशू म्हणतो, तुम्ही आता धरलेल्या मासळीतून काही आणा. त्याला काय कमी होतं? विस्तवावरची मासळी त्याची, आणि जाळ्यातलीही त्याच्याच सांगण्यानं आलेली. पण त्यानं त्यांची मागितली. रात्रभर उपाशीपोटी राबलेल्या माणसांना नुसतं खाऊ घालून त्यानं पाठवलं नाही. त्यांच्या हातचंही त्याला हवं होतं. एकशे त्रेपन्न मासे होते असं योहान आकड्यासकट लिहितो. या आकड्याचे विद्वानांनी बरेच अर्थ लावलेत. कोळीवाड्यात वाढलेल्या तुला मला त्याचं नवल वाटायला नको. वाटे घालायचे तर मोजावंच लागतं.

त्या तांडेलकाकांकडेही जा. त्यांना काही द्यायचं म्हणून नाही. नोकरी लागली हे त्यांना तुझ्या तोंडून कळू दे. आणि कधी त्यांच्या घरी किंवा कुठल्याही घरी मदतीला गेलास तर मदतीच्या पाठोपाठ पत्रकं वाटू नकोस, प्रार्थनेला या म्हणून गळ घालू नकोस. तुम्हाला फुकट मिळालं, फुकट द्या, हे प्रभूचं सांगणं आहे, आणि बदल्यात काहीतरी मागितलं की ते फुकट राहत नाही. कुणी आपणहून विचारलं की तू हे का करतोस, तर मात्र लाजू नकोस. दोन साध्या वाक्यांत सांग, तुला चारचौघांत बोलता येत नसलं तरी एकट्यादुकट्याशी येतं.

थकशील तेव्हा एखादा रविवार नुसता झोपून काढ. जाळी वाळवायलाही दिवस लागतो.

बाकी भेटल्यावर बोलू. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आईला घेऊन जेवायला ये. सरंग्याचं कालवण करणार आहे, मिळाला तर. पगार झाला म्हणून मिठाईचा बॉक्स, फळं, असलं काहीही आणायचं नाही, आईलाही सांगून ठेवलंय. हात हलवत ये.

तुझी,
टीचर