ब्रँच बदलण्याआधी त्याला एक प्रश्न विचारा

एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून थोडक्यात देतो.

‘मुलगा पुण्यात होस्टेलला राहून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावीला उत्तम मार्क. पहिल्या वर्षात पाच विषय राहिले आणि इयर डाऊन झालं. गणपतीच्या आदल्या आठवड्यात त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. मित्रांनी वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून वाचला. नातेवाइकांना आम्ही कावीळ झाली असं सांगितलंय. गोळ्यांनी तो दिवसभर झोपायचा, म्हणून दहा दिवसांनी बंद केल्या. आता बरा आहे, हसतो-बोलतो. आम्ही तो विषय काढत नाही. अभ्यासाच्या टेन्शनमुळेच झालं सगळं. त्याला बीसीएला घालावं का? डिसेंबरच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा का? पोलिसांत नोंद झाली असेल तर पुढे नोकरीला अडचण येईल का?’

ताई,

तुम्ही विचारलेल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मी देणार आहे, पण शेवटी. तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. ज्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटली, ते त्या तीन प्रश्नांत नाही. ते ‘आम्ही तो विषय काढत नाही’ या वाक्यात आहे.

एकदा प्रयत्न करून वाचलेल्या माणसाकडून पुन्हा प्रयत्न होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. जागतिक आरोग्य संघटना आधीच्या प्रयत्नाला सगळ्यांत मोठा धोक्याचा घटक मानते. त्यातही दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे आणि महिने फार नाजूक. तुमचा मुलगा आज नेमका त्याच काळात आहे. तुम्हाला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. प्रयत्न केलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे जगतात, शिकतात, संसार करतात. पण ‘आता हसतोय म्हणजे संपलं’ असं धरून चालू नका, एवढंच.

तुम्ही लिहिता की अभ्यासामुळेच झालं. मला तसं वाटत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा होता, १,७६४. त्याच अहवालात ‘परीक्षेतील अपयश’ हे कारण २,२४८ मृत्यूंपुढे लिहिलं आहे. ते सगळे विद्यार्थीच होते असं धरलं तरी साधारण सहातला एक. बाकीच्यांच्या कागदावर घरातले प्रश्न, आजार, प्रेमप्रकरण अशी कारणं आहेत. आणि पोलिसांच्या रकान्यात कारण एकच लिहितात, आयुष्यात ते एकटं कधीच नसतं.

तुमच्याच पत्रात पाहा. पानभर मार्कांबद्दल लिहून झाल्यावर मध्येच तुम्ही लिहून जाता की दिवाळीनंतर त्याचा रूममेट बदलला आणि नव्या खोलीत त्याचं कोणाशी जमलं नाही. दुसऱ्या एका ठिकाणी, त्याच्या बाबांनी शेतीवर कर्ज काढून फी भरली आणि हे त्याला माहीत आहे. आणखी एका ओळीत, ‘याचे मोठे काकाही असेच गेले, पण ते घरात बोलत नाहीत.’ शिवाय मराठी माध्यमातून थेट इंग्रजीत गणित-फिजिक्स, रात्र-रात्र जागरण, उन्हाळ्यात घरी यायला टाळाटाळ. कुटुंबात आधी झालेली आत्महत्या, एकटेपणा, डोक्यावरच्या कर्जाची लाज, बिघडलेली झोप, कदाचित न ओळखलेलं नैराश्य. यातली एकेक गोष्ट हजारो मुलांच्या वाट्याला येते आणि ती मुलं निभावून नेतात. त्या एकावर एक चढतात आणि सांगायला कोणीच नसतं, तेव्हा पाच विषयांचा निकाल शेवटचा धक्का ठरतो. इतर मुलांच्या बाबतीत ओझी वेगळी असतात: रॅगिंग, जातीवरून ऐकावे लागलेले टोमणे, तुटलेलं नातं, दारू किंवा नशा, लपवून ठेवलेला अत्याचार. तुमच्या मुलाच्या मनात असं काही आहे का, हे तुम्हाला माहीत नाही, कारण विचारलेलं नाही.

म्हणून विचारा. थेट विचारा. ‘जीव द्यायचा विचार अजून मनात येतो का रे?’ आडून-आडून नको. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. पण विचारल्याने धोका वाढतो असं संशोधनात दिसलेलं नाही. उलट ज्याच्या मनात तो विचार आहे, त्याला पहिल्यांदाच मोकळं वाटतं. तो ‘हो’ म्हणाला तर रडू आलं तरी चालेल, पण ‘आमचा विचार केला नाहीस का?’ असं म्हणू नका. तो विचार त्याने केलेला असतो. आपलं ओझं तुमच्यावरून उतरेल असंच त्याला त्या वेळी वाटत असतं. ‘सांगितलंस ते बरं झालं, आता आपण दोघं मिळून बघू,’ एवढं पुरे. त्या रात्री त्याला एकटं ठेवू नका. शेतीची औषधं आणि घरातल्या गोळ्या कुलपात, चावी तुमच्याकडे. ही ओढ पुष्कळदा काही तासांत ओसरते. तेवढे तास निभावायचे असतात.

गोळ्यांबद्दल मी बोलणं योग्य नाही, मी डॉक्टर नाही. पण अशा औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि झोप फार येत असेल तर डॉक्टर डोस किंवा औषध बदलू शकतात. आपल्या मनाने बंद करणं धोक्याचं. याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे जा आणि काकांबद्दलही सांगा, ती माहिती डॉक्टरांना हवीच असते. फार अडलं तर टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, १४४१६ या नंबरवर. दिवस-रात्र, मोफत, मराठीतही बोलता येतं. तुम्हीही फोन करू शकता, तो फक्त त्याच्यासाठी नाही. त्याने स्वतःला काही केलं किंवा आता करेल असं वाटलं, तर मात्र ११२ किंवा सरळ दवाखाना.

चेन्नईसह पाच देशांतल्या पाच शहरांत जागतिक आरोग्य संघटनेने एक अभ्यास केला होता. प्रयत्न करून वाचलेल्या १,८६७ जणांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी त्याबरोबर तासभर नीट बोलणं झालं आणि पुढचे दीड वर्ष ठराविक दिवसांनी फोन किंवा भेट, ‘कसा आहेस?’ एवढं विचारायला. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत आत्महत्येने गेलेल्यांचं प्रमाण शेकडा २.२ होतं, संपर्कात ठेवलेल्यांत ०.२. हा अभ्यास मी बऱ्याच पालकांना सांगतो, कारण यातलं अर्धं काम मामा, मावशी, शाळेतले सर करू शकतात. पण ‘कावीळ’ सांगून ठेवल्यावर कोण फोन करणार? सगळ्या गावाला सांगा असं म्हणत नाही. त्याला विचारून, त्याला चालतील अशी दोन माणसं निवडा आणि त्यांना खरं सांगा.

इथे माझी एक चूक कबूल करतो. काही वर्षांपूर्वी एक मुलगा प्रवेशाचा सल्ला घ्यायला माझ्यासमोर बसला होता. मी त्याला चाळीस मिनिटं कॅप राऊंड, कटऑफ, मॅनेजमेंट कोटा समजावला. तो मान हलवत होता. वर्षभराने त्यानेच सांगितलं, ‘सर, त्या दिवशी मी ठरवून आलो होतो, की तुम्ही झोप लागते का असं विचारलं तर सगळं सांगायचं.’ मी विचारलंच नव्हतं. सुदैवाने त्याच्या बहिणीने विचारलं. तेव्हापासून माझ्याकडे फॉर्म भरायच्या आधी झोप, जेवण आणि मित्र यांची चौकशी होते.

आता तुमचे प्रश्न.

पोलिसांची काळजी सोडा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार, प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं, तिच्यावर खटला भरून शिक्षा करायची नाही. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं दंड संहितेतलं जुनं कलम ३०९ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्या रूपात उरलेलंच नाही. उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क त्याच २०१७ च्या कायद्याने दिला आहे. मुलाखतीत वर्ष का गेलं असं विचारलं, तर ‘तब्येतीच्या कारणाने’ एवढं उत्तर खरंही आहे आणि पुरेसंही.

डिसेंबरचा फॉर्म भरायचा तर त्याच्या मर्जीने, आणि पाचही विषयांचा हट्ट नको. त्याला सोपा वाटेल तो एक किंवा दोन. शून्य भरले तरी हरकत नाही. अपयश आणि दुसरी संधी यांतलं अंतर जितकं लांब, तितका मुलांचा धीर सुटतो, हे आपल्याकडच्या बोर्डालाही उमगलं. दहावीची फेरपरीक्षा ऑक्टोबरऐवजी जुलैत, २०१५ पासून, घ्यायला लागल्यावर कितीतरी मुलांचं वर्ष वाचलं. तुमच्या मुलाला आज एवढंच दिसायला हवं की संधी आहे आणि ती पळून जात नाही.

बीसीएचा निर्णय आज घेऊ नका, तुम्ही तर मुळीच नको. पडलेल्या मनाला सगळीच दारं बंद दिसतात. अशा वेळी आईवडिलांनी परस्पर ब्रँच बदलली की ‘मला हे झेपणारच नव्हतं’ यावर शिक्का बसतो. जानेवारीपर्यंत थांबा. तेव्हा त्याची झोप आणि जेवण ठीक असेल, तर तिघं बसून बोलू. परत त्याच कॉलेजात जाणं, घराजवळच्या कॉलेजात बदली, बीसीए किंवा बीएस्सी, नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून शिकत काम करणं, सगळं खुलं आहे. परत जायचं ठरलं तर कॉलेजात समुपदेशक आहे का, हे आधी लेखी विचारा. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात बजावलं आहे. आणि होस्टेलमध्ये खोली मागताना जुना रूममेट मिळतो का बघा. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण मी ती ब्रँचपेक्षा आधी ठरवीन.

कर्जाचं त्याच्या बाबांनी त्याच्याशी बोलावं. ‘पैशाचं तू बघू नकोस’ असं मोघम नको, आकडे सांगून बोलावं: किती आहे, हप्ता किती, कसं फेडतोय. अंधारात ठेवलेलं कर्ज मुलांना खऱ्यापेक्षा चौपट मोठं वाटतं.

तुम्ही पत्राखाली नंबर दिला आहे. रविवारी सकाळी अकराला मी फोन करेन, आधी तुमच्याशी बोलेन. त्याला बोलावंसं वाटलं तर फोन त्याच्या हातात द्या, नाहीतर नको. हे पत्र मात्र त्याला वाचायला द्या, काकांबद्दलच्या ओळीसकट.