दिवाळीत कुत्र्याला फराळातलं काय देऊ नये? आणि फटाक्यांना घाबरतो त्याचं काय करावं?

सगळ्यात आधी बेदाणे आणि मनुके. चिवड्यातले, लाडवावर लावलेले, सगळेच. किती खाल्ल्यावर बाधतील याचा नेम नाही. एखाद्या कुत्र्याची किडनी मूठभरानेही निकामी होते. खाल्लेले कळलं की लक्षणांची वाट बघू नका, दोन तासांच्या आत डॉक्टरकडे न्या, म्हणजे इंजेक्शन देऊन ओकवता येतं. घरी मिठाचं पाणी पाजू नका, रक्तातलं सोडियम वाढून झटके येतात. चॉकलेटही विषारी, जितकं काळं तितकं जास्त. एखादी चकली चुकून गेली तर घाबरू नका, पण तळणावर ताव मारला तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

फटाक्यांचं म्हणाल तर फिरवणं अंधार पडायच्या आत उरका. पट्ट्यावर फोन नंबर हवाच. भेदरलेला कुत्रा दार किलकिलं दिसलं तरी पळतो. आतल्या खोलीत पडदे ओढा, पंखा-टीव्ही चालू ठेवा. पलंगाखाली शिरला तर ओढून काढू नका. जवळ आला तर खुशाल कुरवाळा, त्याने भीती वाढत नाही. माणसांची झोपेची गोळी मुळीच नको. औषध लागणारच असेल तर आठवडाभर आधी डॉक्टरांकडून घ्या आणि एखाद्या शांत दिवशी देऊन बघा.