थांबवणारी बाजू आधी मोज

तुझा मेल रात्री दोनदा वाचला. ट्यूमरच्या पेशींवर एमआयसीए, म्हणजे ‘मला मार’ सांगणारं प्रथिन, भरपूर; एनके पेशींवर, म्हणजे ट्यूमर मारणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींवर, ते ओळखणारा रिसेप्टर एनकेजी२डी व्यवस्थित; त्याच प्लेटमध्ये के५६२ ही तुलनेसाठीची ट्यूमर-पेशींची लाइन भराभर मरतेय, आणि तुझी लाइन मात्र ढिम्म. त्यावरून तू थेट विषय बदलायच्या गोष्टी करतेस! अगं, पाठवलेल्या सगळ्या स्लाइड्स मी पाहिल्या. एनके पेशीला ‘मार’ म्हणणारं सगळं तू मोजलंस. ‘थांब’ म्हणणारं काहीच मोजलं नाहीस.

के५६२ वर एचएलए क्लास-१, म्हणजे एनके पेशीला ‘थांब’ सांगणारी पृष्ठभागावरची प्रथिनं, जवळजवळ नसतंच, म्हणून ती मरते. तुझ्या एनके पेशी जिवंत आणि कामाच्या आहेत, एवढंच ती सांगते. तुझ्या ट्यूमरवर क्लास-१ किती आहे? त्यातलंच एचएलए-ई किती? थांबवणारी बाजू आधी मोज.

आपलं हे क्षेत्र त्याच प्रश्नातून उभं राहिलंय. १९८६ साली स्टॉकहोममध्ये क्लास केरे या शास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या लिम्फोमाच्या दोन लाइन्स घेतल्या: आरएमए, आणि पृष्ठभागावरचं एमएचसी क्लास-१ (माणसात यालाच एचएलए म्हणतात) बहुतांश गमावलेली आरएमए-एस. उंदरांच्या शरीरानं मारून परतवली ती आरएमए-एस. म्हणजे काहीतरी *नसणं* हेच मारण्याचं कारण ठरलं. क्लास-१ ओळखून थांबणारा रिसेप्टर, उंदरातला एलवाय४९ए, हाती लागायला १९९२ उजाडलं. माणसात हे काम एनके पेशीवरचे केआयआर आणि एनकेजी२ए हे रिसेप्टर करतात. एनकेजी२ए बघतो एचएलए-ई, आणि एचएलए-ई स्वतः इतर क्लास-१ रेणूंच्या पेप्टाइडचा तुकडा धरून बसलेला असतो. लिगँड, म्हणजे रिसेप्टरला जुळणारा रेणू, जुळला की या रिसेप्टरच्या शेपटीवर एसएचपी-१ हा एन्झाइम येऊन बसतो आणि चालना देणाऱ्या प्रथिनांवरचे फॉस्फेट काढून टाकतो. तुझ्या एमआयसीएची हाक तिथेच विरते. एनकेजी२डीचा जोर फार असला तर तो हा अडथळा मोडूनही जातो. म्हणून तर दोन्ही आकडे लागतात, एक नव्हे.

आता कामाचं. जिवंत ट्यूमर पेशी डब्ल्यू६/३२ नं, म्हणजे क्लास-१ ला चिकटणाऱ्या अँटीबॉडीनं, रंगव, शेजारी आयसोटाइप कंट्रोल, म्हणजे कशालाच न चिकटणारी तशीच अँटीबॉडी, ठेव. मग क्लास-१ झाकून मारण्याची चाचणी पुन्हा लाव. पण झाकायला अख्खी अँटीबॉडी घेऊ नकोस, शेपटीचा एफसी भाग नसलेला एफएबी-टू तुकडा घे. नाहीतर एनके पेशीचा सीडी१६ हा रिसेप्टर त्या अँटीबॉडीचा एफसी भाग पकडेल, पेशी मरेल, आणि तू खुशीत भलताच निष्कर्ष काढशील. दुसऱ्या ट्यूबमध्ये एनकेजी२ए अडव. आणि तू को-कल्चर, दोन्ही पेशी एकत्र, रात्रभर ठेवतेस ना? त्या वेळात एनके पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडतात, त्यानं ट्यूमरवरचं एचएलए वाढतं. क्लास-१ सुरुवातीला मोज तसं शेवटीही मोज. एनके पेशींचा दाता बदललास तर त्याचे केआयआर पुन्हा बघ. केआयआरचे जीन १९व्या गुणसूत्रावर, एचएलएचे ६व्या, त्यामुळे एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही. सुटं एमआयसीए माध्यमात उतरून एनकेजी२डी कमी करतं, ही तुझी शंका रास्त आहे. तपास, पण नंतर. आधी थांबवणारी बाजू.

मला लॅबमध्ये यावरूनच हेकट म्हणायचे. न मरणाऱ्या पेशींचा तक्ता पेपरमधून काढून टाका, मग छापू, असं एका जर्नलनं कळवलं होतं. मी काढला नाही. काम पडून राहिलं, आणि ज्या विद्यार्थ्यानं रात्री जागून ते केलं होतं त्याच्या नावावर ते लागलं नाही, ही खंत आजही जात नाही. तरी तक्ता राहिला हेच योग्य झालं, असंच मी आजही म्हणेन. त्या तक्त्याशिवाय उरलेला अर्धा पेपर कुणाच्याच कामाचा नव्हता.

तुझ्या हाताला यश नाही वगैरे पुन्हा लिहू नकोस, मला राग येतो. तुझे कंट्रोल मी बघितलेत, स्वच्छ आहेत. मंगळवारपर्यंत डब्ल्यू६/३२चा हिस्टोग्राम पाठव, कच्च्या फाइलसकट. विषय सोडायचा की नाही, ते त्यानंतर बोलू.