प्रयोग न बघता नुसती वाचूनही पोचतील अशी नवी नाटकं कोणती?

तुम्हाला गेल्या दहा-पंधरा वर्षांतली, जगभरातली, इंग्रजीतून वाचता येतील अशी नाटकं हवी आहेत, आणि आधी हाती घेतलेल्या दोन-तीन संहिता अर्ध्यावर सुटल्या म्हणता. सुटायचं नेहमीचं कारण म्हणजे डोळे फक्त संवादांवरून धावतात. आजच्या बऱ्याच नाटकांत खेळाचा नियमच पहिल्या प्रवेशाआधीच्या पानावर लिहिलेला असतो. ते पान गाळलं की पुढचं सगळं विस्कळीत वाटतं.

सुरुवात फ्लोरियां झेलेर यांच्या 'द फादर'पासून करा. मूळ फ्रेंच, 2012 चं. इंग्रजी अनुवाद ख्रिस्तोफर हॅम्प्टन यांचा. आंद्रे या म्हाताऱ्याची स्मृती ढासळते आहे, आणि नाटककार तो गोंधळ आपल्यालाच भोगायला लावतो. पात्रयादीत 'पुरुष' आणि 'बाई' अशी दोन बिननावाची माणसं आहेत, ती आधीच हेरून ठेवा. प्रयोगात मुलगी म्हणून भलतीच बाई आत आली की चेहरा बघून धक्का बसतो. कागदावर चेहरा नसतो, म्हणून संवादाच्या डावीकडचं नाव प्रत्येक वेळी वाचावं लागतं. घरातलं सामानही हळूहळू कमी होत जातं. ते फक्त रंगसूचनेतच कळतं.

सनाझ तुसी यांचं 'इंग्लिश' (2023 चं पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतलं नाटकासाठीचं मानाचं पारितोषिक) त्यानंतर घ्या. 2008 साल, इराणमधलं करज शहर, टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणारे चार विद्यार्थी आणि त्यांची शिक्षिका. पात्रं आपसांत फारसी बोलतात तेव्हा ते आपल्याला सफाईदार इंग्रजीत ऐकू येतं, आणि खरोखर इंग्रजी बोलतात तेव्हा अडखळत, हेल काढून. ही अट विसरून वाचलंत तर एकच माणूस कधी हुशार, कधी बावळट वाटेल. नाटक नेमकं त्याच अंतराबद्दल आहे. परक्या भाषेत स्वतःला अर्धवट वाटणं ज्याला ठाऊक आहे, त्याला हे फार लागतं.

ॲनी बेकर यांचं 'द फ्लिक' (2014 चं पुलित्झर) अनेकांना वाचताना कंटाळवाणं होतं, आणि चूक वेगाची असते. एका जुनाट चित्रपटगृहात खेळ संपल्यावर कर्मचारी सांडलेले पॉपकॉर्न झाडतात, मधूनमधून बोलतात. प्रयोग तीन तासांच्या पुढे जातो. तुम्ही दीड तासात उरकलंत तर शांतता गेली, म्हणजे नाटकच गेलं. 'विराम' दिसला की खरोखर थांबा. तीन-चार सेकंद पुरेत, पण थांबा.

उलट डंकन मॅकमिलन यांचं 'लंग्ज' (2011) एका बैठकीत, शक्यतो दोघांनी मोठ्याने वाचायचं. नेपथ्य नाही, वस्तू नाहीत, प्रकाश बदलून काळ दाखवायचा नाही. दोन वाक्यांच्या फटीत महिने उलटतात, आणि आवाज लावल्याशिवाय ती फट कळतच नाही.

कॅरिल चर्चिल यांचं 'लव्ह अँड इन्फर्मेशन' (2012) पहिल्यांदा वाचणाऱ्याला देऊ नये असं माझं मत. पन्नासहून अधिक छोटे प्रवेश, आणि कोणतं वाक्य कोणाचं हे लिहिलेलंच नाही. चार-पाच नाटकं पचल्यावर घ्या, प्रत्येक प्रवेशात किती माणसं आहेत ते पेन्सिलीने स्वतः ठरवा, मग वेगळ्या वाटणीने तोच प्रवेश पुन्हा वाचा. दिग्दर्शकाचं काम काय असतं ते तिथे समजतं. वाक्याच्या मध्येच तिरकी रेघ दिसली तर दुसऱ्या पात्राने तिथून बोलायला सुरुवात करायची असते. ही खूण चर्चिल यांच्यामुळे रूढ झाली आणि आता बऱ्याच संहितांत दिसते.

सरळ गोष्ट हवी असेल तर लिन नॉटेज यांचं 'स्वेट' (2017 चं पुलित्झर): कारखान्यातले कामगार, त्यांचा बार, आणि 2000 व 2008 अशी दोन सालं. प्रवेशाच्या डोक्यावरची तारीख वाचत जा, एवढंच. लूसी कर्कवुड यांचं 'द चिल्ड्रन' (2016) तीनच पात्रांचं, निवृत्त अणुशास्त्रज्ञांचं. अपघातग्रस्त अणुऊर्जा केंद्र कोणी सावरायचं, म्हाताऱ्यांनी की तरुणांनी, एवढ्यावर ते उभं आहे.

सगळ्यांसाठी एक सवय: वहीच्या पानावर रंगमंचाचा चौकोन काढा, दारं मांडा, आणि कोण आत-बाहेर गेलं त्याची नोंद ठेवा. गप्प बसलेलं पात्र कागदावरून नाहीसं होतं, रंगमंचावर मात्र ते सगळं ऐकत असतं.

एक नाटक मात्र मुद्दाम टाळा. नसीम सुलेमानपूर यांच्या 'व्हाइट रॅबिट रेड रॅबिट'मध्ये तालीम नाही, दिग्दर्शक नाही. दर प्रयोगाला नवा नट, आणि बंद पाकिटातली संहिता त्याला प्रेक्षकांसमोरच पहिल्यांदा मिळते. ते कधी करायची किंवा बघायची शक्यता असेल, तर संहितेला हात लावू नका.