चार एकर विकून मुलीला इंग्लंडला पाठवावं का?

अमळनेर तालुक्यातल्या एका शिक्षिकाताईंनी विचारलंय: मुलगी 20 वर्षांची, बारावीला 54 टक्के. दोन वर्षांपासून चोपड्याकडच्या पाड्यांवर एका संस्थेबरोबर वनहक्क दाव्यांची कागदपत्रं तयार करते. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात समुदाय विकास आणि नेतृत्व या पदवीला प्रवेश मिळतोय. आधी एक फाउंडेशन वर्ष, मग तीन वर्षं. फी वर्षाला 15,000 पौंड. घरी सासऱ्यांच्या वेळचे 38 लाखांचे विप्रोचे शेअर, 11 लाखांची एफडी आणि चार एकर शेत. शेताला 60 लाख येतात, कमी पडेल ते कर्ज. शिकून मुलीला इकडे सातपुड्यातच परत यायचंय. पाठवू का?

ताई, मुलीने निवडलेलं क्षेत्र उत्तम आहे, हे आधी सांगतो. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याच्या चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली, ती गावाला सोबत घेऊन जंगल राखल्याबद्दल. या कामाला शिकलेली माणसं लागतात, आणि तुमची मुलगी तर कामाला लागलेलीच आहे. माझी हरकत आहे ती खर्चाला आणि क्रमाला.

फी 15,000 पौंड. राहण्याखाण्यासाठी व्हिसावाले लंडनबाहेर महिन्याला 1,171 पौंड धरतात, नऊ महिन्यांचे 10,539. आरोग्य अधिभार वर्षाला 776, आणि तो सगळ्या वर्षांचा व्हिसा काढतानाच भरावा लागतो. पौंड 120 रुपये धरला तर वर्षाला साडेएकतीस लाख, चार वर्षांचे सव्वा कोटीच्या वर. विमानभाडं वेगळं, फीवाढ वेगळी.

यातलं फाउंडेशन वर्ष नीट बघा. ज्यांचं शिक्षण मध्येच सुटलं किंवा मार्क कमी पडले, त्यांच्यासाठी ही चांगली सोय आहे. निबंध कसा लिहायचा, संदर्भ कसे वाचायचे, हे तिथे शिकवतात. पण इंग्लंडमधल्या स्थानिक विद्यार्थ्याला अशा विषयांच्या फाउंडेशन वर्षाची फी 2025 पासून 5,760 पौंडांच्या वर लावता येत नाही. त्याला सरकारी कर्ज मिळतं आणि पगार ठरावीक रकमेपुढे गेल्यावरच ते फेडायचं असतं. तुमच्या मुलीला यातलं काहीच लागू नाही. साडेएकतीस लाख घालून ती पदवीच्या पहिल्या वर्षाच्या दाराशी पोहोचेल.

आता पैसा कुठून. शेत तारण ठेवून शैक्षणिक कर्ज काढायला गेलात तर बहुतेक बँका नाही म्हणतील, कारण कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्याने शेतजमीन जप्त करता येत नाही. त्यांना घर किंवा एनए प्लॉट हवा असतो. म्हणून विक्रीची गोष्ट निघाली असणार. गावाकडच्या शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही, हे खरं. पण सातबाऱ्यावरचं सगळंच गेलं की तुम्ही शेतकरी राहत नाही, आणि बिगरशेतकऱ्याला महाराष्ट्रात शेतजमीन घेणं फार अवघड. ही वाट मुलीच्या धाकट्या भावासाठीही बंद होईल.

शेअरचं तसंच. तुम्ही नोव्हेंबर 2005 नंतर लागलात, म्हणजे जुनी पेन्शन नाही. विप्रो सुरू झाली ती अमळनेरलाच, तिच्या शेअरनी इथल्या कितीतरी घरांचं म्हातारपण सांभाळलंय, तुमचंही तेच सांभाळणार आहेत. शिवाय जुन्या दर 300 शेअरचे 2019 आणि 2024 च्या बोनसनंतर 800 झाले असतील, तर त्यातल्या 500 ची खरेदी किंमत शून्य धरली जाते. वर्षाला सव्वा लाखापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर. कधी विकायचेच झाले तर दरवर्षी थोडे विका. कागदी असतील तर आधी डिमॅट करून घ्या.

एजंट म्हणतो तिथे नोकरी करून फिटेल. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांना तिथे काम करायला 18 महिनेच मिळणार आहेत. आणि मुलीला तर सातपुड्यात परत यायचंय, असं तुम्हीच लिहिलंय. 20 लाखांच्या कर्जाचा दहा टक्क्यांनी दहा वर्षांचा हप्ता साडेसव्वीस हजार बसतो. आपल्याकडच्या संस्थांत सुरुवातीचा सगळा पगार त्यात जाईल, आणि मग ती हे काम सोडून पगाराच्या मागे धावेल. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते.

माझा सल्ला: समाजकार्याची पदवी इथे घ्या. अमळनेरला, जळगावला महाविद्यालयं आहेत. संस्थेचं काम चालू ठेवून इग्नूतूनही करता येईल. त्यानंतर इंग्लंडची एक वर्षाची मास्टर्स. जे पैसे आज फाउंडेशन वर्षात जातील, जवळपास तेवढ्यातच ती होते. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळाली तर खर्च तेच करतात. या शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा, म्हणजे 2,800 तासांचा कामाचा अनुभव लागतो (पदवीआधीचं काम त्यात धरतात का ते आधी तपासा) आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतायची अट असते. तुमच्या मुलीला ही परतायची अट अडचणीची नाही. वनहक्काच्या कामाचं अनुभवपत्र संस्थेकडून दरवर्षी, तास लिहून, सहीशिक्क्यासह घ्यायला तिला आजपासून सांगा. परदेशी उच्चशिक्षणासाठी राज्य सरकारच्याही शिष्यवृत्त्या आहेत. तुमचा प्रवर्ग त्यात बसतो का ते समाजकल्याण कार्यालयात विचारा.

तरी आत्ताच जायचं मुलीने ठरवलं असेल, तर विद्यापीठाला तिनेच ईमेल करावा, एजंटमार्फत नको. 54 टक्के आणि दोन वर्षांचं काम यावर थेट पहिल्या वर्षाला घ्याल का, फीमध्ये किती सूट द्याल, प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का, हे तिन्ही लेखी विचारायचं. उत्तर येईपर्यंत डिपॉझिट भरू नका, आणि शेताची सौदापावती तर अजिबात करू नका.