जुन्या बीचच्या झाडाच्या खोडावर पांढरी दाढी लटकलीय, तोडून घरी आणून तपासू का?

तोडू नका, आधी हे एवढं ऐका. तुम्ही लिहिलंय की दक्षिण इंग्लंडमधल्या जंगलात म्हाताऱ्या बीचच्या खोडावर, डोक्याच्याही वर, नारळाएवढा पांढरा गोळा दिसला आणि त्याला दाढीसारख्या झिपऱ्या आहेत. यावरून तरी ही हेरिसियम एरिनेशियस वाटतेय, म्हणजे लायन्स मेन नावाची अळंबी. ब्रिटनमध्ये ती १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्टच्या शेड्यूल ८ मध्ये, म्हणजे संरक्षित वनस्पती-बुरशींच्या यादीत आहे, त्यामुळे जंगलातून मुद्दाम तोडणं गुन्हा आहे. आणि खायचीच असेल तर लागवड केलेली बाजारात मिळते की, जंगलातली कशाला!

ओळखायला तोडायची गरजच नाही. नेहमीच्या अळंबीला छत्रीखाली पातळ पट्ट्या असतात, हिला त्याऐवजी दाते असतात, मऊ, टोकाला निमुळते, सरळ खाली लोंबणारे, बरेचदा दोन-तीन सेंटिमीटर किंवा जास्तच लांब. सगळे दाते एकाच गोळ्यातून निघत असतील, मध्ये फांद्या नसतील तर हीच. फांद्या फुटून पोवळ्यासारखी दिसत असेल तर हेरिसियम कोरॅलॉइडिस, आणि एकावर एक थर, खाली आखूड दाते असं असेल तर हेरिसियम सिरॅटम. त्या दोघीपण दुर्मिळच आहेत, तेव्हा हात कुणालाच लावायचा नाही. जुनी झाली की पिवळट-तपकिरी पडते, म्हणून रंगावर जाऊ नका, दाते बघा.

मी एकदा पडलेल्या ओंडक्यावर बघितली होती, कुणीतरी तो ओंडका मधेच फिरवला होता, त्यामुळे आधी वाढलेला भाग आडवा झालेला आणि प्रत्येक दात्याचं टोक मात्र परत जमिनीकडे वळलेलं, भिंगातून किती वेळ बघत बसले होते मी!

पण खरी काळजी त्या गोळ्यापेक्षा झाडाची करा. दिसतं ते फक्त फळ, बुरशी स्वतः खोडाच्या आतल्या लाकडात वर्षानुवर्षं राहते, जखमेतून किंवा तुटलेल्या फांदीच्या भोकातून बाहेर येते. मला माहीत असलेलं असंच एक झाड 'धोकादायक' म्हणून कापलं, लाकूडही उचलून नेलं, खूप वाईट वाटलं. वाट थोडी बाजूने वळवली असती, नाहीतर निदान ओंडका तिथेच पडू दिला असता तरी चाललं असतं, पडलेल्या खोडावरही ती येते. म्हणून जंगल ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना लगेच कळवा, आणि जवळची मध्यमवयीन बीचची झाडंही राखा म्हणावं, हे झाड गेल्यावर बुरशीने जायचं कुठे?

खालून आणि बाजूने फोटो काढा, झाडाची जात, जमिनीपासूनची उंची, तारीख लिहून तिथल्या बुरशी अभ्यासणाऱ्या ग्रुपला पाठवा, पण नेमकं लोकेशन सोशल मीडियावर टाकू नका. यंदाचं फळ गळून गेलं तरी पुढच्या ऑगस्टपासून त्याच भोकाकडे बघत राहा, माझ्या एका झाडावर मधली दोन वर्षं काहीच आलं नव्हतं आणि तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथूनच परत आली.