‘इन कॅमेरा’मध्ये कॅमेरा कुठे आहे?

प्रश्न असा आहे : ‘खटल्याची सुनावणी इन कॅमेरा झाली’ असे बातमीत येते, म्हणजे तिचे चित्रीकरण होते का?

नाही. बघ्यांना आणि वार्ताहरांना बाहेर काढून दार लावून घेतले, एवढाच त्याचा अर्थ. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ नुसार घटस्फोटाचे कामकाज असे चालते, पोक्सो कायद्याच्या कलम ३७ नुसार बालकांवरील लैंगिक अत्याचाराचे खटलेही.

लॅटिनमध्ये ‘कॅमेरा’ म्हणजे कमानदार छत. शब्द ग्रीकांकडून आलेला. पुढे छताखालची खोली असा अर्थ झाला, आणि न्यायाधीशाच्या खोलीत चाललेले काम ‘इन कॅमेरा’ ठरले. इटलीत आजही हॉटेलात ‘कामेरा’ मागितला तर खोलीच मिळते.

फोटोचे यंत्र पुष्कळ नंतरचे. बंद अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक भोक ठेवले, की बाहेरचे दृश्य समोरच्या भिंतीवर उलटे उमटते. अशा सोयीला खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०४ साली ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’, म्हणजे अंधारी खोली, म्हटले. पुढे खोलीची पेटी झाली, ‘ऑब्स्क्युरा’ गळाले आणि नुसती ‘खोली’ आपल्या गळ्यात लटकू लागली.

फ्रेंचमध्ये याच शब्दाचे ‘शांब्र’ झाले. मधला स्वर गेल्यावर म आणि र एकमेकांना भिडले आणि त्यांच्यात ‘ब’ घुसला. हे आपल्याला नवे नाही : आम्र–आंबा, ताम्र–तांबे. आपल्याकडे फक्त ‘ब’ राहिला आणि ‘र’ गेला. इंग्रजी ‘चेंबर’ त्या फ्रेंच शब्दावरून आले. वकिलाचे चेंबर आणि गटाराचे चेंबर म्हणजे एकाच घरातली भावंडे. पोर्तुगीज ‘कामारा’ खोलीलाही म्हणतात आणि नगरपालिकेलाही. गोव्यात त्यांच्या राजवटीत नगरपालिका ‘कामारा मुनिसिपाल’च होती. हिंदीतला ‘कमरा’ही पोर्तुगीजांचीच देणगी. स्पॅनिशमध्ये एका खोलीत राहणारा शिपाईगडी तो ‘कामारादा’; तोच फ्रेंच-इंग्रजीतून फिरून आपला ‘कॉम्रेड’ झाला. थोडक्यात, कॉम्रेड म्हणजे रूम पार्टनर!

खरा घोटाळा मराठी बातम्यांत आहे. ‘इन कॅमेरा शवविच्छेदन’ असे छापून येते, तिथे मात्र खरोखर व्हिडिओ चित्रीकरणच अभिप्रेत असते. म्हणजे एकाच पानावर एक ‘इन कॅमेरा’ सगळ्यांपासून लपवणारा आणि दुसरा सगळे टिपून ठेवणारा. लोकांनी रुळवलेला अर्थ चुकीचा ठरवण्यात हशील नाही, पण कोर्टाची बातमी लिहिताना ही सरमिसळ महागात पडते. तिथे ‘बंद दाराआड सुनावणी’ लिहावे, शवविच्छेदनाला ‘चित्रीकरणासह’ म्हणावे. आणि ‘इन कॅमेऱ्यात’ तर नकोच. ‘इन’मध्ये ‘-त’ आधीच आला आहे.